कमांडोला भाकरी कोण घालायलंय

अनिलकुमारनं चिटगुप्प्यात घर बांधलं तेव्हा फाटकावर पाटी आधी लागली, कुत्रं नंतर आलं. पाटी कानडीत होती, 'नायी इदे, एच्चरिके', म्हणजे कुत्रं आहे, सांभाळून. मधले काही महिने गल्लीतले लोक त्या घरावरून जरा बेतानंच जायचे. दूधवाला फाटकाबाहेरून हाक मारायचा. आत कुत्रं नाही हे त्याला ठाऊक होतं, पण पाटी होती.

अनिलकुमार मूळचा निर्ण्याचा. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. बाप पिराप्पानं मेंढरं विकून शेती धरली आणि अनिलकुमारनं शेती वाट्यानं देऊन रस्त्याच्या कंत्राटांची गुत्तेदारी धरली. त्या वर्षांत सगळीकडं रस्ते निघत होते आणि अनिलकुमारला माणसं गोळा करता यायची. पिराप्पा वारला, आई अनसाबाई निर्ण्यातच राहिली, आणि दोन हजार चारच्या सुमारास नव्या लेआउटमध्ये अनिलकुमारचं दुमजली घर उभं राहिलं. घराला राखण पाहिजे म्हणून तो हैदराबादेहून अल्सेशियनचं पिल्लू घेऊन आला. मिक्सरच्या खोक्यात बसून ते आलं. बायको तुळजानं त्याला दारात ओवाळलं. नववीतली मुलगी तेजश्री हिनं त्याच्या गळ्यात लाल पट्टा बांधला आणि पट्ट्याला एक घुंगरू अडकवलं. नाव ठेवलं कमांडो.

पहिलं वर्ष कमांडोचं चांगलं गेलं. तो सोफ्यावर झोपायचा, चहात बुडवून बिस्किटं खायचा. तेजश्री त्याचा पट्टा एकेक भोक सैल करत गेली. शेवटचं भोक आलं तेव्हा तिची दहावी सुरू झाली होती.

त्याच सुमाराला घरी आलेल्या एका इंजिनिअर साहेबाच्या अंगावर कमांडोनं प्रेमानं उडी मारली. साहेब चहासकट पडला. दुसऱ्या दिवशी कमांडो जिन्याखाली साखळीला गेला. तुळजा म्हणाली, आठ दिवसांनी सोडू. मग पाहुणे आले, मग फरशी नवी टाकली, मग कमांडोला साखळीची सवय झाली असं सगळ्यांच्या लक्षात आलं. अनिलकुमारनं कुठंतरी ऐकलं होतं की कुत्रं कडक व्हायचं तर त्याला तिखट घालावं आणि पोट भरू देऊ नये. तो लाल मिरचीचा ठेचा भाकरीला लावून द्यायचा. टोचायच्या सुयांचा विषय निघाला की म्हणायचा, घरातलं कुत्रं आहे, त्याला कशाला सुया. बाकी त्याचा कमांडोवर फार जीव होता. कोणी आलं की तो आधी जिन्याखाली नेऊन कुत्रं दाखवायचा आणि सांगायचा, फक्त माझंच ऐकतंय.

शेजारच्या घरात वृंदाबाई राहायच्या. सरकारी हायस्कुलात गणित शिकवायच्या. यजमान रामाचार्य पोस्टातून निवृत्त झालेले. वृंदाबाईंना कुत्र्याची भीती नव्हती आणि आवडही नव्हती. कमांडो दिवसभर भुंकायचा, त्यामुळं त्यांना वह्या तपासता यायच्या नाहीत. हे त्यांनी अनिलकुमारला दोनतीनदा सांगितलं होतं. तो म्हणायचा, "अक्का, भुंकंल तेवढं चांगलं. चोर ऐकतोय."

तेजश्री दहावी पास झाली आणि तिला गुलबर्ग्याच्या कॉलेजात जागा मिळाली. तुळजा तिच्याबरोबर तिकडं खोली करून राहिली. अनिलकुमारला पुण्याकडं मोठं काम मिळालं. जूनमध्ये घराला कुलूप लागलं. कमांडो जिन्याखालीच राहिला, कारण रिकाम्या घराला राखण जास्त लागते.

जून आणि जुलै कमांडो भुंकत होता. ऑगस्टमध्ये त्याचं भुंकणं कमी झालं. वृंदाबाईंच्या वह्या वेळेवर तपासून होऊ लागल्या. एका रविवारी त्या मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की सकाळपासून काहीच आवाज नाही. त्या दगडी पाट्यावर उभ्या राहिल्या आणि कंपाउंडवरून पलीकडं बघितलं. कमांडो जिन्याखाली ओल्या फरशीवर पडला होता. डोळे उघडे होते. शेजारी एक पातेलं होतं, त्यात पावसाचं पाणी आणि त्यात पानं. त्यांनी घरात जाऊन चपाती आणली आणि त्याच्यापुढं टाकली. त्यानं ती हुंगली, तोंडात घेतली आणि परत खाली ठेवली.

"त्याला गिळता येत नाही," त्या रामाचार्यांना म्हणाल्या.

"त्यांचं कुत्रं आहे," रामाचार्य पेपरातून म्हणाले. "त्यांनी काही व्यवस्था केली असेल."

वृंदाबाईंनी अनिलकुमारला फोन लावला.

"नमस्कार अक्का. घराला काय झालं काय?"

"घराला काही झालं नाही. तुमचं कुत्रं भुंकत नाही."

"मागं तुम्हीच म्हणत होता, लई भुंकायलंय म्हणून."

"म्हणत होते. आता ते उठतसुद्धा नाही. त्याला खायला कोण घालतंय?"

"आई येतीय की निर्ण्याहून. आन् हावगेप्पा खानावळीतलं पाठवायलाय."

"मला कधी कोणी दिसलं नाही."

"तुम्ही शाळंत असता ना. त्या वेळंला येत असतील." मग तो म्हणाला, "मला त्याची लई आठवण येतीय अक्का. हितं साइटवर कुत्री हाईत, पर कमांडोची सर कुणाला न्हाई. जरा फोन त्याच्या कानाला लावता का?"

वृंदाबाई मोबाईल घेऊन मागच्या अंगणात गेल्या. त्या पुन्हा पाट्यावर चढल्या, फोनचा आवाज मोठा केला आणि हात लांब करून कंपाउंडच्या पलीकडं धरला.

"कमांडो," फोन म्हणाला. "ए कमांडो. जेवलास का रं?"

कमांडो उठला. पुढचे पाय थरथरत होते. त्यानं फोनकडं बघितलं नाही, फाटकाकडं बघितलं. साखळी ताणली जाईपर्यंत पुढं गेला आणि शेपटी हलवू लागला.

"ओळखलं काय?" फोननं विचारलं.

"ओळखलं."

"बगा. जीव हाय त्याचा माझ्यावर."

फोन बंद झाला. कमांडो फाटकाकडं तोंड करून उभाच राहिला. वृंदाबाईंनी स्वयंपाक केला, जेवणं झाली, भांडी झाली, त्यांनी परत येऊन बघितलं. तो अजून तसाच उभा होता. वारा त्यांच्या बाजूला वळला तेव्हा वास आला. काहीतरी सडल्याचा वास होता आणि कमांडोच्या मानेवर माश्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी त्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर माणिकप्पा एका म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उभे होते. त्यांनी तसंच उभं राहून सगळं ऐकून घेतलं.

"मालक कुठं आहेत?"

"पुण्याला."

"घराला कुलूप?"

"हो."

"मी भिंतीवरून उडी मारून आत गेलो तर उद्या तेच माझ्यावर तक्रार करतील बाई. किल्ली आणा. किल्ली आली की मी लगेच येतो. कुत्र्यासाठी माझ्याकडं कोणी येत नाही. कुत्रं चावलं की माणसांच्या दवाखान्यात जातात."

किल्ली अनसाबाईकडं होती. वृंदाबाईंनी रजा टाकली आणि निर्ण्याची बस धरली. अनसाबाई अंगणात उडदाच्या शेंगा वाळत घालत होती. बाईंना बघून तिनं बाज टाकली, पाणी दिलं. वृंदाबाईंनी पाणी पिऊन विचारलं, तुम्ही कुत्र्याला भाकरी घालायला शेवटचं कधी आला होतात.

"मी?" अनसाबाई म्हणाली. "तुमीच घालायलाव न्हवं? अनिल म्हणला, वृंदाक्का रोज दोन येळ टाकायल्यात. तू गुडघं घेऊन कामून हेलपाटं घालतीस."

"मला म्हणाले, आई येते."

अनसाबाई उठली. तिनं शेंगांवर पोतं झाकलं, आत जाऊन किल्ली कनवटीला लावली आणि दाराला कडी घातली. चिटगुप्प्यात उतरल्यावर दोघी आधी हावगेप्पाच्या खानावळीत गेल्या. हावगेप्पा तव्यापुढं बसला होता. तो म्हणाला, "मी जुलैपर्यंत पाठवत होतो की, पोरगं भिंतीवरून टाकायचं. मग अनिलण्णाचा फोन आला, आई राहायला आलीय, आता नको म्हणून." तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की दुसरं कोणीतरी घालतंय, आणि तिघंही भरवशाची माणसं होती.

फाटक उघडलं तेव्हा कमांडोनं ओठ वर करून दात दाखवले, पण आवाज निघाला नाही. अनसाबाई त्याच्यापासून थोड्या अंतरावर फरशीवर बसली आणि बसूनच राहिली. डॉक्टर आले तेव्हा तो तिच्या लुगड्याचा काठ हुंगत होता. डॉक्टरांनी फडक्यानं त्याचं तोंड बांधलं आणि सुई दिली. तो आडवा झाल्यावर त्यांनी मानेचे केस कापायला सुरुवात केली.

"पट्टा कुठाय?" अनसाबाईनं विचारलं. साखळी तर मानेपर्यंत गेली होती.

"आत," डॉक्टर म्हणाले.

मानेची कातडी पट्ट्यावरून वाढली होती. जिथं वाढली नव्हती तिथं जखम होती आणि जखमेत अळ्या होत्या. वृंदाबाई पाणी ओतत होत्या. मध्येच त्यांनी तोंड फिरवलं, पण पाण्याची धार जागेवरच ठेवली. डॉक्टरांनी पट्टा कापून तुकड्या-तुकड्यानं काढला. शेवटच्या तुकड्याबरोबर घुंगरू निघालं. अनसाबाईनं ते सगळं उचलून हातावर घेतलं.

"हे तर पिलाचं हाय," ती म्हणाली.

"पिलाचंच. कुत्रं वाढलं," डॉक्टर म्हणाले. "नरड्यालाही इजा झालीय. जगेल. भुंकेल का ते सांगता येत नाही."

अनसाबाई त्या घरात राहिली. लेकाचं घर असून ती तिथं कधी सलग राहिली नव्हती. ती रोज जखम धुवायची, हळद आणि डॉक्टरांचं मलम लावायची आणि भाकरी दुधात कालवून हातानं भरवायची. कुत्र्यांशी बोलायची तिची रीत नव्हती. फक्त 'खा' म्हणायची. वृंदाबाई शाळेतून आल्या की कंपाउंडवरून विचारायच्या, आज किती खाल्लं, आणि अनसाबाई भाकरीचा उरलेला तुकडा वर धरून दाखवायची. दसरा आला तोवर तुकडा उरायचा बंद झाला होता.

दसऱ्याला अनिलकुमार आला, गुलबर्ग्याहून तुळजा आणि तेजश्रीला घेऊन. जीप वळणावर असतानाच कमांडो उठला. फाटक उघडल्यावर त्यानं अनिलकुमारच्या अंगावर उडी घेतली, तोंड चाटलं, पायांत लोळला आणि आनंदानं जागेवरच मुतला. अनिलकुमारनं मानेचा चट्टा बघितला आणि खाली बसून रडला. खरंच रडला, खांदे हलत होते. तेजश्रीही रडली. ती म्हणाली, मी पप्पांना सांगितलं होतं पट्टा बदला म्हणून. तुळजा म्हणाली, मला वाटलं ह्यांनी बदलला. मग तेजश्री मोबाईल चार्जिंगला लावायला आत गेली.

संध्याकाळी वृंदाबाई सोनं द्यायला आल्या. अनिलकुमारनं त्यांच्या पाया पडून पेढ्याचा पुडा दिला.

"तुमचे लई उपकार झाले अक्का."

"अनिलकुमार, कुत्रं मेलं असतं."

"मेलं तर न्हाई न्हवं. तुमची कृपा."

"तुम्ही त्याला बांधून, उपाशी ठेवून गेलात. आणि सगळ्यांना खोटं सांगितलंत."

"खोटं न्हाई अक्का. मला खरंच वाटायचं, कुणीतरी घालायलंय."

"पुन्हा असं झालं तर मी पोलिसात जाईन," वृंदाबाई म्हणाल्या. गृहपाठ करून या असं त्या ज्या आवाजात सांगायच्या, त्याच आवाजात म्हणाल्या. अनिलकुमार हसला. बाई हसत नाहीत हे त्याला जरा उशिरा दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून नवा पट्टा आणला, चार बोटं रुंद, पितळी चुका मारलेला, आणि नवी साखळी.

"आता ह्यो कधीच टोचणार न्हाई," तो आईला म्हणाला.

"परत कधी जायलास?" अनसाबाईनं विचारलं.

"उद्या."

"मग ह्याला मी निर्ण्याला न्यायलेय."

"आन् घर कोण राखंल?"

"कुलूप हाय की."

"आई, अल्सेशियन हाय ते. निर्ण्यात काय करंल?"

"जगंल."

अनिलकुमारनं तुळजाकडं बघितलं. तुळजा म्हणाली, जाऊ द्या, वासही येतो. त्यानं स्वतःच जीपमध्ये कमांडोला बसवलं आणि आईला आणि त्याला निर्ण्याला पोचवलं. पट्टा आणि साखळी त्यानं अनसाबाईच्या दारात खुंटीला अडकवली. ती तिथं गंजली.

निर्ण्यात कमांडोला कोणी बांधलं नाही. तरी तो अंगणातल्या लिंबाभोवती साखळीच्या लांबीएवढाच फिरायचा, त्यापुढं जायचा नाही. अनसाबाईच्या दोन शेळ्यांना तो घाबरायचा. शेळी जवळ आली की भिंतीकडं तोंड करून बसायचा. गावातली पोरं बघायला आली, परदेशी कुत्रं म्हणून, आणि निराश होऊन गेली. त्याला आवाज परत आला, पण तो भुंकण्यासारखा नव्हता, म्हाताऱ्या माणसाच्या ढासेसारखा होता. अनसाबाई रोज भाकरीचा तुकडा कालच्यापेक्षा थोडा लांब ठेवायची. थंडी पडेपर्यंत तो तिच्यामागं आडापर्यंत जाऊ लागला.

वेळा अमावस्येला सगळं गाव शेतात पूजा करून तिथंच जेवतं, तशी ती त्याला शेतावर घेऊन गेली. तिनं वृंदाबाईंनाही बोलावलं होतं. त्या आणि रामाचार्य बसनं आले. पूजेसाठी रचलेल्या कडब्याच्या कोपीपुढं बसून सगळ्यांनी शेंगा-भाज्यांची भज्जी आणि बाजरीची भाकरी खाल्ली, आंबील प्यायली. कमांडो कोपीच्या सावलीत शेळीशेजारी झोपला होता. वृंदाबाई त्याच्याकडं बघत होत्या. त्यांनी हात पुढं करून त्याच्या पाठीला लावला, मग हात धुतला आणि जेवण चालू ठेवलं.

दुपारनंतर अनिलकुमारची जीप आली. कमांडो झोपेतून उठून बांधावरून धावत गेला. तोच आनंद, तेच लोळणं. अनिलकुमारनं त्याला स्वतःच्या हातानं भज्जी भरवली, मोबाईलवर त्याच्याबरोबर फोटो काढला.

"बगा अक्का, विसरला न्हाई," तो म्हणाला.

ऊन उतरल्यावर तो निघाला. कमांडो जीपमागं पळाला. सगळ्यांना वाटलं, बांधापर्यंत जाईल. तो उभ्या ज्वारीतून, मग गाडीवाटेनं, मग डांबरी रस्त्यानं पळत गेला. जीपमध्ये गाणी लागली होती. अनिलकुमारनं आरशात बघितलं नसावं, किंवा बघून त्याला बरं वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाट्यावर सापडला, पंजे सोललेले, जीप गेली होती त्या हुमनाबादच्या दिशेला तोंड करून बसलेला. अनसाबाईनं दिराच्या बैलगाडीत घालून त्याला घरी आणलं. त्यानं खाणं सोडलं. परत लिंबाभोवती फिरू लागला, तेवढ्याच अंतरात. ती पुन्हा हातानं भरवायला लागली आणि पुन्हा 'खा' म्हणायला लागली. महिना गेला तेव्हा तो आडापर्यंत आला.

उन्हाळ्यात जत्रेला अनिलकुमार आला तेव्हा तसंच झालं. या वेळी कमांडोला आत कोंडून ठेवलं होतं. त्यानं नखांनी दाराचं फळकूट फोडलं.

मग अनसाबाईनं चिटगुप्प्याला येऊन लेकाला फोन लावायला सांगितला. वृंदाबाईंनी लावून दिला.

"तू आता गावात येऊ नको," ती म्हणाली. "चिटगुप्प्याला आलास की सांग. मी येते."

अनिलकुमारला ती चेष्टा वाटली. पण दिवाळीला त्यानं फोन केला तेव्हा ती खरंच बसनं आली आणि, बंद घरात चूल पेटत नव्हती म्हणून, हावगेप्पाच्या खानावळीत त्याला भेटली. पुढची काही वर्षं असंच चाललं. तो पुण्याहून यायचा, फोन करायचा, अनसाबाई सकाळच्या बसनं यायची, दोघं खानावळीतल्या मागच्या बाकावर बसून जेवायची. तेजश्रीचं लग्न ठरलं ते तिथंच ठरलं. हावगेप्पा त्या बाकावर दुसरं गिऱ्हाईक बसवायचा नाही.

तसल्याच एका दिवशी, जेवण झाल्यावर, अनिलकुमार म्हणाला, "आई, मी घरी कधी येऊ?"

"त्यो हाय तवर येऊ नको."

"मी लेक हाय तुझा."

"व्हय," अनसाबाई म्हणाली. "म्हून तर आले."

अनिलकुमारनं ताट बाजूला सारलं. मग त्यानं हावगेप्पाला दोन चपात्या कागदात बांधायला सांगितल्या, त्यांना स्वतः तूप लावलं आणि पुडकं आईच्या हातात दिलं.

"त्याला घाल. माझ्याकडनं म्हणून सांग."

अनसाबाईनं पुडकं घेतलं. स्टँडवर बस लागायची होती. बाकड्याखाली दोन गावठी कुत्री झोपली होती. तिनं चपात्या मोडून त्यांना घातल्या, कारण लेकाच्या हाताचा वास ती घरी नेणार नव्हती. मग नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले आणि निर्ण्याच्या बसमध्ये खिडकीपाशी जागा धरली.